नारळी पौर्णिमेआधी पाच दिवस मांडवीवर

पावसाळ्यात मालवणजवळच्या देवबागला आमची होडी माडाखाली झापांनी झाकून ठेवलेली असते. २६ मे ते ३१ ऑगस्ट पर्यटकांच्या फेऱ्या बंद. त्या तीन महिन्यांत दादा इंजिन उघडून साफ करतो, होडीला रंग लावतो आणि वहिनी आणि मी होमस्टेची कौलं, गाद्या, लोणची बघतो. यंदा मात्र हंगाम सुरू व्हायच्या आधी मी नि माझा भाचा गोव्याला जाऊन होडी-सुरक्षेचा पाच दिवसांचा कोर्स करून आलो. आल्यापासून आजूबाजूचे होडीवाले विचारतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

जायचं डोक्यात कधीपासून होतं ते आधी सांगते. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटली, दोन माणसं गेली. हंगाम संपायला दोनच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी आमच्या खोलीतली लाइफ जॅकेटं काढून अंगणात मांडली. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसाची. लहान मुलाच्या मापाचं एकही नव्हतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं मुलं घेऊन डॉल्फिन दाखवायला जात होतो. मुलांची जॅकेटं लगेच आणली. पण आपल्याला अजून काय काय दिसलेलं नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेला नाही.

दादाला बरोबर चल म्हटलं. "माझो जलम दर्यात गेलो, माका आता शाळा कसली? तुमी जावा," म्हणाला. रागाने नाही म्हणाला, त्याला खरंच तसं वाटतं. मग एकोणीस वर्षांच्या भाच्याला घेतलं. या हंगामात सुकाणू त्याच्याच हातात असणार आहे.

रविवार: कुडाळ ते करमळी

कुडाळहून गाडीने करमळी, तिथून रिक्षाने रायबंदर. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी सावकाश धावते, त्यापलीकडे प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पणजीच्या बाजूला चालत गेलो. रायबंदर ते पणजी हा खाडीतला जुना बांध पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात घातलेला, आणि आजही त्यावरून गाड्या जातात. एका बाजूला मिठागरांची पाण्याने भरलेली खाचरं, दुसऱ्या बाजूला मांडवी. ती पावसाने तांबडी झालेली, आणि मधून जलपर्णीचे पुंजके समुद्राकडे धावत होते. पुंजके किती वेगाने जातात ते भाचा पावलांनी मोजत राहिला. जोरात चालूनही तो मागे पडत होता. बुधवारी याच पाण्यात होडी चालवायची आहे, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार, पण कोणी बोललं नाही.

श्रावण असल्याने रात्री एका घरगुती खानावळीत शाकाहारी ताट घेतलं. खतखतं, अळसांद्यांचं तोणाक, सोलकढी. खतखत्यात तिरफळांचा वास असा उठला होता की भाच्याने मासे नसल्याची तक्रारच केली नाही. मालकीणबाईंनी कोर्सचं ऐकलं आणि उठताना हळदीच्या पानातली एकेक पातोळी हातावर ठेवली. त्यांचा भाऊ ट्रॉलरवर आहे.

जाणाऱ्यांसाठी: पटकन वाळणाऱ्या कपड्यांचे तीन जोड घ्या, सुती नकोत, पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाहीत. मागून पट्टा असलेल्या चपला हव्यात. चष्मा असेल तर त्याला दोरी. डॉक्टरांचा दाखला आणि पोहता येण्याची अट असते, ती आधी विचारून घ्या. आणि मिळणारं प्रमाणपत्र आपल्या राज्याच्या सागरी मंडळाला चालतं का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. गोव्यात केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, दोनापावलाला. तिथेही पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे कोर्स होतात.

सोमवार: परात, नारळ आणि जॅकेट

आम्ही अकरा जण होतो. कारवारचे दोन भाऊ, गणपतीपुळ्याचा जेट-स्कीवाला मुलगा, पणजीतल्या क्रूझवरची दोन माणसं, आणि बामणोलीचे एक काका, जे शिवसागर जलाशयातून वासोट्याला ट्रेकर नेतात. शिकवणारे सर गोव्याचेच, नौदलातून निवृत्त. आवाज चढवत नाहीत. काही चुकलं की "सावकास" एवढंच म्हणतात, आणि पाच दिवसांत तो शब्द आम्ही हजारदा ऐकला.

सरांनी पाण्याने भरलेल्या टबात स्वयंपाकघरातली परात सोडली आणि तिच्यात सात-आठ सोललेले नारळ ठेवले. मधोमध ठेवल्यावर परात निवांत तरंगली. मग त्यांनी एक नारळ कडेला सरकवला. परात किंचित कलली आणि बाकीचे नारळ आपोआप त्याच बाजूला घरंगळले. एका क्षणात परात तळाशी. "आता सांगा, तुमच्या होडीत 'डॉल्फिन!' असं कोण ओरडतं?"

कोणी बोललं नाही. आमच्या होडीत मीच ओरडते. पाहुण्यांना आनंद व्हावा म्हणून हात दाखवून ओरडते, आणि सगळे उठून त्या बाजूला धावतात. मला आजवर वाटत होतं की होडी उलटवते ती लाट. लाटेला आयती कललेली होडी मिळाली तर तिचं काम किती सोपं होतं, ते त्या परातीने दाखवलं. आता आम्ही डॉल्फिन दिसल्यावर न ओरडता इंजिन न्यूट्रल करणार, होडीच फिरवणार, आणि "बसूनच बघा, दोन्ही बाजूंना येतील" असं सांगणार.

दुपारी जेटीच्या पायऱ्यांशी जॅकेट घालून पाण्यात उतरायचं होतं. भाचा माशासारखा पोहतो. त्याने आमच्याकडचे पाहुणे घालतात तसंच जॅकेट चढवलं, वरची एक क्लिप लावली आणि उडी घेतली. पाण्यात गेल्या गेल्या जॅकेट वर सरकलं आणि त्याचे दोन्ही खांदे कानांपर्यंत आले. हनुवटी आत, नाक कापडात. हात वर करून ते खाली ओढायला गेला तसा तो स्वतः आणखी खाली गेला. "आते, ह्या गळ्यात येता!" मी त्याच्यापासून चार हातांवर होते, मला त्याचे डोळे दिसत होते. तो घाबरला होता. या मुलाला पाण्यात घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांनी त्याला पायरीवर घेतलं, कमरेचे दोन्ही पट्टे ओढले, मांड्यांमधून जाणारा पट्टा लावला, मग जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचलायचा प्रयत्न केला. जॅकेट बोटभरही हललं नाही. "असं उचलून बघायचं. प्रत्येक माणसाचं. हनुवटीपर्यंत आलं तर ते जॅकेट घातलेलंच नाही." भाच्याने पुन्हा उडी मारली आणि या वेळी तो पाठीवर तरंगला, तोंड आकाशाकडे.

१०० न्यूटनचं जॅकेट साधारण दहा किलो वजन उचलतं. माणूस पाण्यात जेमतेम काही किलोचा भरतो, त्यामुळे ते पुरून उरतं. पण त्याने उचलायचं ते आपल्याला, आणि त्यासाठी ते अंगाला धरून हवं. गेल्या कित्येक हंगामांत मी किती पाहुण्यांना "वरची क्लिप लावली की झालं" म्हटलं असेल, हा हिशेब त्या रात्री झोपताना मनात चालू होता.

मंगळवार: लाल दोरी

सकाळी पाऊस इतका होता की पलीकडचा काठ दिसत नव्हता. वर्गातच इंजिन आणि गाठी.

ओढला तरी न सरकणारा फास, ज्याला इंग्रजीत बोलाइन म्हणतात, तो शिकवायला घेतला तेव्हा माझे हात आपोआप चालले. आमचे बाबा होडी माडाला बांधायचे तीच गाठ. तिला आमच्याकडे नाव नव्हतं, 'बाबांची गाठ' एवढंच. सरांनी जवळ येऊन बघितली, ओढून बघितली आणि बाकीच्यांना दाखवायला सांगितलं.

खरा धडा होता तो किल कॉर्डचा. आउटबोर्ड इंजिनाच्या बटणाला एक लाल, पिळदार दोरी असते. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मांडीभोवती अडकवायचं. चालवणारा पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. आमच्याकडे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक होड्यांवर, ती क्लिप इंजिनातच बसवून ठेवलेली असते आणि दोरी हँडलला गुंडाळलेली. कारवारच्या भावांनीही माना डोलावल्या.

सरांनी मे २०१३ मधला इंग्लंडचा, कॉर्नवॉलमधला अपघात सांगितला. एक कुटुंब, सहाजण, वेगात वळताना होडीतून बाहेर फेकले गेले. किल कॉर्ड अडकवलेली नव्हती. रिकामी होडी पूर्ण वेगात गोल गोल फिरत परत त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. "होडी माणसाशिवाय सरळ जात नाही, ती वळून परत येते," सर म्हणाले. वर्गात फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

रोज सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू केलं की दोरी ओढून इंजिन बंद पडतंय का ते पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि चालवणारा बदलला की आधी दोरी बदलायची, मग हँडल.

बुधवार: माणूस पाण्यात

द्वादशी. आमच्याकडे भरती काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट: बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. मी वर्गात सांगितलं, सरांना आवडलं. पण त्यांनी तक्ता समोर ठेवला. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, दक्षिणेकडे यावं तसं पाणी लवकर चढतं. इथे भरती तासभर आधीच होऊन गेली होती. आजीचं गणित मी सोडणार नाही, पण आता शेजारी तक्ताही ठेवते.

म्हणजे आम्ही होडीत बसलो तेव्हा ओहोटी लागली होती, वरून पावसाचं पाणी तिला ढकलत होतं आणि पश्चिमेचा वारा समोरून आत येत होता. पाणी बाहेर, वारा आत. अशा वेळी लाटा उभ्या राहतात, आखूड आणि टोकदार. आमच्या कर्ली नदीच्या मुखाशी, संगमावर, मी हे हजारदा पाहिलंय, पण तिथे पाणी का 'मोडतं' ते आज समजलं. मांडवीच्या मुखाशीही तसंच: पावसाळ्यात आग्वादच्या बाजूला वाळूचा दांडा तयार होतो आणि तो मार्ग जहाजांना बंद होतो. म्हणून आमचा सराव मुखापासून लांब, आतल्या पट्ट्यात.

पाण्यात पडायचं काम वीस लिटरच्या, पाण्याने भरलेल्या कॅनचं. त्याला जॅकेट बांधलेलं, आणि मुलांनी नाव ठेवलं 'बाबलो'. कोणीतरी बाबल्याला ढकलायचं, पहिला बघणारा "माणूस पाण्यात!" ओरडणार, आणि एकाने दुसरं काहीही न करता फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. नजर हलवायची नाही. मला हे काम फार सोपं वाटलं होतं. होडी वळली, मी क्षणभर भाच्याकडे पाहिलं, परत मान फिरवली, तर बाबलो नाही. तांबड्या पाण्यात, लाटांमध्ये, केशरी जॅकेट घातलेलं ते डोकं वीस-पंचवीस मीटरवर असूनही मला सापडत नव्हतं. माझं बोट रिकाम्या पाण्याकडे रोखलेलं होतं. किती सेकंद गेले माहीत नाही, बामणोलीचे काका "तिकडं, तिकडं ताई" म्हणाले तेव्हा दिसला.

मग उचलणं. प्रवाह होडीला आणि माणसाला सारखाच वाहून नेतो, त्यामुळे त्याची चिंता कमी. वारा मात्र होडीला जास्त ढकलतो, कारण ती पाण्याच्या वर उभी असते. म्हणून वाऱ्याकडे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, करून, वेग कमी करत करत जवळ जायचं आणि माणूस हाताशी येण्याआधी इंजिन न्यूट्रल. इंजिनाचा पंखा फिरत असताना माणूस जवळ नको. भाच्याने पहिल्या वेळी बाबल्यावरूनच होडी नेली. दुसऱ्यांदा लांबून गेली. "सावकास." पाचव्यांदा बाबलो अलगद बाजूला आला आणि भाच्याने त्याला उचलताना त्याच्या जॅकेटवरून हात फिरवला. एखाद्या खऱ्या माणसावरून फिरवतात तसा.

ओला माणूस उचलणं किती जड असतं ते मात्र कोणत्याही वर्गात कळणार नाही. दोघांनी मिळून काखेत हात घालून, एकदा खाली दाबून मग उसळीबरोबर वर ओढायचा. संध्याकाळी माझे दंड उचलत नव्हते. रायबंदरच्या गाड्यावर गरम मिरची भजी आणि पोय, म्हणजे गोव्याचा पाव, खाल्ली, त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

गुरुवार: कुंभारजुव्याचा कालवा

मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा हे माझ्यासाठी या प्रवासातलं आश्चर्य ठरलं. आग्वादचा मार्ग पावसाळ्यात बंद असायचा, तेव्हा खनिज नेणाऱ्या बार्जेस याच कालव्याने मुरगावला जात. आम्ही अरुंद वळणांवरचे नियम शिकायला गेलो: उजव्या काठाने राहायचं, आंधळ्या वळणाआधी एक लांब भोंगा, समोरासमोर आलो तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर, कांदळवनाच्या मुळांशी, एक मगर पडलेली होती. चिखलाच्याच रंगाची, तोंड उघडं. आम्ही इंजिन मंद करून पुढे गेलो, ती हललीही नाही. त्या तासभरात होडीत एकानेही हात बाहेर टाकला नाही.

परतताना बामणोलीचे काका बोलायला लागले. त्यांच्या जलाशयात लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, म्हणून लोक बेसावध असतात. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात आणि पंखा त्यात अडकतो. डोंगरातून वारा अचानक उतरतो. गोड्या पाण्यात माणूस खाऱ्या पाण्यापेक्षा जरा कमीच तरंगतो. "आमच्याकडं पोरं म्हणतात, तळं तर आहे, जॅकेट कशाला. समुद्र असता तर घातलं असतं." आमच्याकडचे म्हणतात, खाडीच तर आहे.

दुपारी हवामान आणि संदेश. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज कसा वाचायचा, बंदरावरचा तीन नंबरचा धोक्याचा बावटा कधी लागतो, व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या बिनतारी संचावर, चॅनल १६ वर मदत कशी मागायची: आधी कुठे आहोत, मग काय झालंय, मग किती माणसं. तटरक्षक दलाचा फोन १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन्ही आकडे होडीत आतून रंगाने लिहून ठेवा, भिजलेला फोन उघडून शोधायची वेळ येऊ नये. आणि निघताना काठावरच्या एका माणसाकडे किती जण गेले, कधी परत येणार हे लिहून द्या. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या बोटीला झालेल्या टकरीत पंधरा जीव गेले. तिथे टक्कर देणारी होडी दुसरीच होती. आपली चूक नसतानाही पाण्यात पडायची वेळ येते, म्हणून जॅकेट धक्का सोडायच्या आधीच अंगावर हवं, बाकाखाली नाही.

शुक्रवार: परीक्षा आणि घर

सकाळी बुडालेल्याला श्वास देण्याचा सराव. पोट दाबून पाणी काढायचं नाही, उलटं टांगायचं नाही. आमच्या किनाऱ्यावर आजही पहिल्यांदा तेच करतात. आधी तोंडाने श्वास, मग तीस वेळा छाती दाबणं, दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. लेखी परीक्षा झाली, दोघंही पास झालो.

काका सातारच्या बसला लागले, आम्ही कुडाळच्या. मालवणला पोचलो तेव्हा नारळी पौर्णिमेची गर्दी बंदरावर जमली होती. बायकांची नारळ लढवायची स्पर्धा जोरात चालली होती, मानाचा नारळ दर्याला देऊन झाला होता. आम्हीही आमचा नारळ सोडला आणि ओल्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन घरी आलो.

शनिवारी अंगणात परत सगळी जॅकेटं मांडली. प्रत्येक भाच्याला घालून, पट्टे ओढून, खांद्यांना धरून उचललं. बावीसपैकी नऊ बाद. कुठे क्लिप तुटलेली, कुठे उन्हाने फोम चुरा झालेला. वहिनीने त्यांवर कात्री चालवली, म्हणजे घाईत परत वापरात यायला नकोत. नव्यांची ऑर्डर दिली, त्यात सहा मुलांची.

दादा ओटीवर बसून सगळं बघत होता. जॅकेटबद्दल तो अजून काही बोललेला नाही, खाडीत तो ते घालणार नाही असं मला वाटतं, आणि त्यावर आमचं बोलणं व्हायचं आहे. पण संध्याकाळी मी माडाखाली गेले तेव्हा त्याने झापं बाजूला केली होती. इंजिनाच्या हँडलला गुंडाळलेली लाल दोरी सोडवून हातात घेतली होती, क्लिपवरची तड्याची रेघ नखाने तपासत होता.

"ही बदलूक व्हयी," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ही मांडयेक अडकवूची की मनगटाक?"